पेशीपटल ही चाळणी नाही : मीठ, साखर, पाणी पेशीत कसं शिरतं?

खाडीकाठ (ऐरोली)

नमस्कार मंडळी. अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवतो. पेशीचा धडा आला की बहुतेक वह्यांत एक वाक्य हमखास सापडतं : "पेशीपटल चाळणीसारखं असतं, लहान रेणू आत जातात, मोठे बाहेर राहतात." क्लासच्या नोट्समध्ये हेच असतं आणि गाईडमध्येही. मुलं ते मनापासून पाठ करतात, आणि मग पुढचं काहीच धड कळत नाही. म्हणून हा धागा काढतोय.

आकडे बघा. सोडियमचा अणुभारांक 23. ऑक्सिजनच्या रेणूचं वजन 32, ग्लुकोजचं 180, कॉर्टिसॉल या संप्रेरकाचं 362. चाळणीचा हिशेब खरा असता तर सोडियम सगळ्यांत आधी आत गेलं असतं आणि कॉर्टिसॉल बाहेर अडकलं असतं. प्रत्यक्षात ऑक्सिजन सरळ आत जातो, एवढं मोठं कॉर्टिसॉलही पटलातून आरपार जातं, आणि चिमुकला सोडियम आयन मात्र बाहेरच राहतो.

याचं कारण पटल कशाचं बनलंय त्यात आहे. पटल म्हणजे मेदरेणूंचे दोन थर. रेणूंची डोकी पाण्याच्या बाजूला, शेपट्या आतल्या बाजूला एकमेकींकडे तोंड करून. मधला सगळा भाग तेलकट. जाडी म्हणाल तर प्रथिनांसकट साधारण 7-8 नॅनोमीटर. सोडियम आयनावर विद्युतभार असतो. पाण्यात असताना पाण्याचे रेणू त्याला चहूबाजूंनी घट्ट धरून असतात. तेलकट थरात शिरायचं तर ती पकड सोडावी लागते, आणि त्याला इतकी ऊर्जा लागते की आयन त्या वाटेला जातच नाही. कॉर्टिसॉल मुळात मेदात विरघळणारं, त्याला असली अडचण नाही.

हे काल-परवा कळलेलं नाही. 1890 च्या दशकात चार्ल्स ओव्हर्टन यांनी झुरिकमध्ये वनस्पतींच्या पेशींवर शेकडो पदार्थ लावून पाहिले. जो पदार्थ तेलात चांगला विरघळतो तो पेशीत लवकर शिरतो, हे त्यांना दिसलं. सूक्ष्मदर्शीतून पटल दिसण्याच्या कितीतरी आधी, केवळ काय आत जातं आणि काय जात नाही यावरून त्यांनी पटल मेदाचं असणार हे ओळखलं. 1925 साली गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या पेशींतला मेद काढून पाण्यावर पसरवला. त्याचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं, म्हणजे थर दोन. 1972 मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी त्या मेदात तरंगणारी प्रथिनं दाखवणारं प्रतिरूप मांडलं, तेच आज पुस्तकात असतं.

तर तेलकट थरातून जे जाऊ शकत नाही, त्याच्यासाठी प्रथिनं आहेत : वाहिन्या, वाहक आणि पंप. खरी गंमत तिथे सुरू होते. तुमच्या कामात, दवाखान्यात, कारखान्यात, खाडीवर हे कुठे दिसत असेल तर जरूर लिहा. मला मुलांना सांगायला खरी उदाहरणं हवी आहेत.

---

कोपरीकर

उत्तम धागा. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांत आयुष्य काढलं, त्यातली बरीच वर्षं पाण्याच्या प्लांटवर. एक भर घालतो. लोक घरातल्या आरओलाही बारीक जाळी समजतात. आरओच्या पटलावर पॉलिअमाइडचा अतिशय पातळ थर असतो. पाणी त्या थरात अक्षरशः विरघळतं आणि पलीकडे विसरित होतं, म्हणजे जास्तीकडून कमीकडे पसरत जातं. मिठाचे आयन त्यात नीट विरघळत नाहीत, शिवाय थरावरचा भार त्यांना दूर ठेवतो. म्हणजे माणसानं बनवलेलं पटलसुद्धा निव्वळ छिद्रांच्या मापावर चालत नाही.

फरक आहे तो जोर कोण लावतं यात. समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब (गोडं पाणी पटलातून मिठाकडे ओढलं जातं ती ओढ) साधारण 27 बार. त्याच्यावर दाब दिल्याशिवाय एक थेंब गोडं पाणी मिळत नाही, म्हणून मोठमोठे पंप आणि विजेचं बिल. जिवंत पेशी हे काम दाबाशिवाय, सामान्य तापमानाला करते. मला याचं कायम अप्रूप वाटत आलंय.

मात्र एका बाबतीत तुमच्याशी मतभेद. आठवीच्या मुलाला पहिल्याच दिवशी विद्युतभार आणि पाण्याची पकड सांगून काय करायचं? चाळणीपासून सुरुवात करायला हरकत नसावी. पुढे सुधारता येतं.

---

सानिका_वाशी

सर, मी बारावीत आहे, नीटची तयारी चालू आहे. शंका अशी : आयन तेलकट थरातून जात नाहीत हे समजलं. पण वाहिनी म्हणजे तर भोकच ना? मग तिथे तरी मापाचाच हिशेब असणार. पोटॅशियमच्या वाहिनीतून सोडियम जात नाही असं पुस्तकात आहे, पण सोडियम आयन पोटॅशियमपेक्षा लहान आहे. मग तो का जात नाही?

---

खाडीकाठ

सानिका, अगदी नेमका प्रश्न. हाच प्रश्न शास्त्रज्ञांना कित्येक दशकं छळत होता. उत्तर 1998 मध्ये मिळालं. रॉडरिक मॅकिनन यांनी जिवाणूच्या पोटॅशियम वाहिनीची स्फटिकरचना उलगडली आणि त्यासाठी त्यांना 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

वाहिनीचा सर्वांत अरुंद भाग बघ. तिथे प्रथिनाचे ऑक्सिजन अणू आतल्या बाजूला ठरावीक अंतरावर रांगेनं बसवलेले असतात. पोटॅशियम आयन आत शिरताना आपल्याभोवतीचं पाणी सोडतो, आणि पाण्यातल्या ऑक्सिजनऐवजी वाहिनीतले ऑक्सिजन त्याला तितक्याच अंतरावरून धरतात. त्यामुळे पाणी सोडल्याचा तोटा जागच्या जागी भरून निघतो. सोडियम लहान. तो मधोमध आला तर वाहिनीतले ऑक्सिजन त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. पाणी सोडायची किंमत द्यायची आणि मोबदल्यात काही मिळायचं नाही, म्हणून तो पाणी सोडतच नाही आणि पाण्यासकट त्या फटीत मावत नाही. साधारण दहा हजार पोटॅशियममागे एखादा सोडियम चुकून जातो. आणि एवढी पारख करूनही वाहिनीतून सेकंदाला काही कोटी आयन वाहतात.

त्याच वर्षीचं अर्धं नोबेल पीटर अग्री यांना पाण्याच्या वाहिनीसाठी मिळालं. तिचं नाव अ‍ॅक्वापोरिन. पाणी तेलकट थरातून थोडंफार झिरपतं, पण तांबड्या पेशी आणि मूत्रपिंडातल्या पेशी इतक्या झटपट पाणी घेतात-सोडतात की नुसत्या झिरपण्यानं ते जमणार नाही. अ‍ॅक्वापोरिनच्या एका वाहिनीतून सेकंदाला सुमारे 300 कोटी पाण्याचे रेणू एकामागोमाग एक जातात. हायड्रोजन आयन मात्र एकही जाऊ दिला जात नाही. पाण्याच्या रांगेतून हायड्रोजन आयन एरवी सहज उड्या मारत जातो. तो तसा गेला असता तर पेशीचा ऊर्जाव्यवहारच कोलमडला असता. वाहिनीच्या मध्यावर प्रत्येक पाण्याच्या रेणूला कूस बदलावी लागते, शिवाय आतला धनभार हायड्रोजन आयनाला मागे लोटतो. त्यामुळे ती वाट बंद होते.

कोपरीकर काका, मतभेद मान्य. पण आठवीत बसलेली चाळणी बारावीत निघत नाही, हा माझा अनुभव. सानिकाचा प्रश्नच बघा ना, "भोकच ना?"

---

मंजिरी_कळवा

मी डायलिसिस युनिटमध्ये सिस्टर आहे. सर, तुमचा धागा वाचून राहवलं नाही, कारण आमच्याकडे खरीखुरी चाळणी असते आणि तिच्यात काय कमी पडतं ते आम्ही रोज बघतो.

डायलायझरमध्ये केसासारख्या बारीक पोकळ नळ्या असतात, हजारोंनी. नळ्यांच्या आतून रक्त, बाहेरून उलट्या दिशेनं डायलिसिसचं द्रावण. युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम लहान, ते जिकडे कमी आहे तिकडे जातात. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन आणि रक्तपेशी मोठ्या, त्या रक्तात राहतात. शुद्ध विसरण. त्यामुळे द्रावणात काय आणि किती आहे यावर सगळं अवलंबून. द्रावणात पोटॅशियम मुद्दाम कमी ठेवलेलं असतं, बहुतेक वेळा लिटरला 2 मिलिमोल (मिलिमोल म्हणजे कणांची संख्या मोजायचं एकक). सोडियम जवळजवळ रक्ताइतकंच ठेवतात, नाहीतर पेशंटचं सोडियम वाहून जाईल. आमचं पटल स्वतः काहीच ठरवत नाही. ठरवतो तो द्रावण लिहून देणारा डॉक्टर.

आता पोटॅशियमचं सांगते. शरीरातलं सुमारे 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्तात जे मोजतो ते उरलेल्यातलं थोडंसं. पेशीच्या आत लिटरला 140 मिलिमोलच्या आसपास, बाहेर 4. सोडियमचं बरोब्बर उलटं, बाहेर 145 आणि आत 12 च्या आसपास. ही तफावत आपोआप राहत नाही. प्रत्येक पेशीच्या पटलात सोडियम-पोटॅशियम पंप असतात. ते तीन सोडियम बाहेर टाकतात, दोन पोटॅशियम आत घेतात आणि दर फेरीला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च करतात.

एक पेशंट डोळ्यांपुढे आहेत. सणासाठी गावाला गेले, एक डायलिसिस चुकवलं, उकाडा म्हणून शहाळी प्यायली. परत आले ते पाय उचलवत नाहीत म्हणूनच. पोटॅशियम सातच्या वर, ईसीजीत टी लहरी उंच आणि टोकदार. मशीन लावेपर्यंत वेळ जातो, म्हणून तोवर काय केलं ते लिहिते. आधी शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट. त्यानं पोटॅशियम उतरत नाही, हृदयाच्या पेशी तेवढ्यापुरत्या सांभाळल्या जातात. मग इन्सुलिन, आणि साखर उतरू नये म्हणून सोबत ग्लुकोज. सोबतीला साल्ब्युटामॉल या दम्याच्या औषधाची वाफ. इन्सुलिन आणि साल्ब्युटामॉल दोन्ही त्या पंपाला वेग देतात आणि रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत ढकलतात. शरीरातून पोटॅशियमचा कणही बाहेर गेलेला नसतो, नुसतं पटलाच्या पलीकडे गेलेलं असतं, आणि तेवढ्यानं माणूस वाचतो. नंतर मशीननं बाहेर काढलं. डायलिसिस संपल्यावर काही तासांनी पोटॅशियम पुन्हा थोडं वर येतं, कारण पेशींतून ते सावकाश बाहेर झिरपत राहतं.

घरून रक्त गोळा करणाऱ्या मुलांना माझी कळकळीची विनंती : पोटॅशियमचं सॅम्पल रक्तपेशी वेगळ्या न करता तसंच अख्खं फ्रीजमध्ये ठेवू नका. थंडीत पंप मंदावतो, तांबड्या पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि रिपोर्ट खोटा वाढलेला येतो. रात्री-अपरात्री घाबरून धावत आलेली माणसं मी पाहिली आहेत, सॅम्पल पुन्हा घेतलं की नॉर्मल. आणि किडनीच्या पेशंटनी शहाळं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कितीही "नैसर्गिक" असलं तरी.

---

खाडीकाठ

मंजिरीताई, हे मी वर्गात जसंच्या तसं सांगणार. तुम्ही म्हणता तो पंप 1957 साली डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी खेकड्याच्या पायातल्या चेतातंतूंवर काम करताना शोधला. 1997 साली, म्हणजे तब्बल 40 वर्षांनी, त्यांना नोबेल मिळालं. आपण स्वस्थ बसलेलो असतानाही शरीराच्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त याच पंपावर खर्च होतो. मेंदूत तर प्रमाण आणखी मोठं.

---

नौपाड्याची_डॉक्टर

बालरोगतज्ज्ञ आहे. पहिला जोराचा पाऊस झाला की आमच्याकडे जुलाबाची मुलं वाढतात, त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जवळचा. ओआरएसबद्दल लिहिल्याशिवाय हा धागा पुरा व्हायचा नाही.

आई-वडील विचारतात, "डॉक्टर, जुलाबात साखर कशाला? मीठ-पाणी पुरेसं नाही का?" नाही पुरत. जुलाबात, विशेषतः पटकीत (कॉलऱ्यात), जंतूच्या विषामुळे आतड्याच्या पेशींतल्या क्लोराइडच्या वाहिन्या उघड्या राहतात. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत जातं, त्याच्यामागून सोडियम, आणि त्या दोघांच्या मागून पाणी. नुसतं मीठ-पाणी दिलं तर मीठ शोषायची नेहमीची वाट त्या विषामुळे मंदावलेली असते, पाणी आतड्यातच राहतं आणि खाली जातं. पण आतड्याच्या पेशीवर एक वाहक प्रथिन आहे, ते या विषाच्या तावडीत सापडत नाही. ते दोन सोडियम आणि एक ग्लुकोज एकत्रच आत घेतं. दोघांपैकी एक नसेल तर दुसऱ्यालाही नेत नाही. आत गेलेलं सोडियम पेशीच्या मागच्या बाजूचा पंप लगेच रक्ताकडे टाकतो, म्हणून पेशीत सोडियम कमीच राहतं आणि पुढून घेणं चालू राहतं. म्हणजे ग्लुकोज आत ओढायची ऊर्जा वाहक खर्च करत नाही. ती मागच्या पंपानं आधीच खर्च केलेली असते. सोडियम आणि ग्लुकोजच्या मागोमाग पाणी रक्तात जातं.

ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी 1960 साली प्रागमधल्या एका परिषदेत मांडली. त्यानंतर अकरा वर्षांनी बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पाकिटं भरून घेतली, ड्रममध्ये द्रावण केलं आणि नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. महालनबीस 2022 मध्ये गेले, 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. जगभरातली कोट्यवधी मुलं या एका वाहकामुळे आणि ते वापरून घेणाऱ्या माणसांमुळे जगली आहेत. माझ्या मते विसाव्या शतकातल्या वैद्यकात याच्या तोडीचं फार थोडं सापडेल.

आता प्रमाण. 2002 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला सोडियम 75 आणि ग्लुकोज 75 मिलिमोल असतं, विरघळलेले सगळे कण मिळून 245. त्याआधीचं द्रावण 311 चं होतं. कमी केलं कारण द्रावण जास्त दाट असलं की आतड्यात पाणी उलट ओढलं जातं. म्हणूनच शीतपेयं, डब्यातले रस, नुसत्या ग्लुकोजची पावडर जुलाबात देऊ नका. त्यांत साखर भरमसाट आणि मीठ जवळजवळ नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं असल्या पेयांच्या नावात "ओआरएस" वापरायला बंदी घातली, ती फार आधी व्हायला हवी होती.

दवाखान्यात सर्रास दिसणारी गोष्ट : आई लिटरचं पाकीट फोडते, चमचाभर पावडर पेल्यात घालते, उरलेली रबर लावून ठेवते. किंवा "बाळ एवढं पाणी कुठे पिणार" म्हणून अख्खं पाकीट एका पेल्यात. पहिल्यात प्रमाणाचा भरवसा नाही, दुसऱ्यात द्रावण इतकं दाट होतं की सोडियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. पाकिटावर 200 मिली लिहिलंय की एक लिटर ते वाचा, तेवढंच पाणी मोजून घ्या, सगळं एकदम घाला, 24 तासांनी उरलेलं ओता. बाळाला वाटीचमच्यानं, घोट घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. आणि मोठ्या बाळांना आजीची मीठ घातलेली तांदळाची पेज जरूर द्या. पिष्टातून ग्लुकोज हळूहळू सुटतं, द्रावण दाट होत नाही आणि त्या वाहकाला हवं ते मिळत राहतं. जस्ताची गोळी डॉक्टर देतील ती जुलाब थांबले तरी 14 दिवस पुरी करा. मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली तर घरी थांबू नका.

---

प्रशांत_घणसोली

डॉक्टर, खूप उपयोगी लिहिलंत. याच्याशी लागूनच विचारतो. माझ्या वडिलांना मधुमेह आहे, डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन सुरू केलं. लघवीच्या तपासणीत साखर +4 आली. बाबा घाबरले, गोळी बंद करतो म्हणतात. ही गोळी पटलावरच काम करते असं ऐकलं, खरं का?

---

नौपाड्याची_डॉक्टर

प्रशांत, गोळी त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. लघवीत साखर येणं हे त्या गोळीचं कामच आहे, रोग बळावल्याचं लक्षण ते नाही.

मूत्रपिंडात रोज सुमारे 180 ग्रॅम ग्लुकोज गाळलं जातं आणि निरोगी माणसात जवळपास सगळं परत रक्तात घेतलं जातं. त्यातलं 90 टक्क्यांच्या आसपास काम आतड्यातल्या त्या वाहकाचा भाऊबंद करतो. तोही सोडियमसोबतच ग्लुकोज घेतो. गोळी त्यालाच अडवते, म्हणून साखर लघवीतून जाते. या गटाच्या औषधांचं मूळ फ्लोरिझिन नावाच्या द्रव्यात आहे, ते 1835 साली सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून काढलं गेलं होतं. ही औषधं हृदय आणि मूत्रपिंडासाठीही चांगली ठरली आहेत.

बाबांना तीन गोष्टी सांगा. पाणी पुरेसं प्या. लघवीच्या जागी खाज, लाली आली तर लाजू नका, बुरशी असू शकते, साधा उपचार आहे. आणि उलट्या-जुलाब, कडक उपवास किंवा ऑपरेशन असेल तेव्हा गोळी थांबवायची का ते डॉक्टरांना आधी विचारा, कारण अशा वेळी रक्तात कीटोन आम्लं वाढू शकतात आणि साखर फार वाढलेली नसली तरी ते घडू शकतं.

---

तिवर_आणि_चिपी

खाडीवरची बाजू मी लिहितो. भरतीचं पाणी उतरल्यावर ऐरोलीच्या बाजूला तिवराच्या झाडाजवळ जा. पान हातात घेऊन उन्हात तिरकं धरा. कोरड्या दिवसात त्यावर पांढरे बारीक कण चमकतात. बोटानं पुसून जिभेला लावा, खारट. ते मीठ झाडानं स्वतः बाहेर टाकलेलं असतं. तिवराच्या पानांवर क्षारग्रंथी असतात. त्यांच्या पेशींच्या पटलातले पंप आणि वाहक ऊर्जा खर्च करून मीठ बाहेर ढकलतात, मग पाणी उडून जातं आणि कण उरतात. पावसाळ्यात धुतलं जातं म्हणून दिसत नाही, हिवाळा-उन्हाळ्यात बघा.

कांदळाची तऱ्हा वेगळी. तो बहुतेक मीठ मुळाशीच अडवतो. मुळाच्या आतल्या थरांत पेशींच्या मधल्या फटी मेणचट द्रव्यानं बुजलेल्या असतात, त्यामुळे पाण्याला पेशीच्या पटलातून गेल्याशिवाय पुढे वाट नाही. आणि एकदा पटल आलं की काय घ्यायचं, काय नाही ते तिथे ठरतं. एकाच खाडीत, एकाच चिखलात उभ्या दोन झाडांनी मिठाचा प्रश्न दोन तऱ्हांनी सोडवला आहे. कोपरीकर काका, तुमच्या आरओचं काम कांदळ विजेशिवाय करतो : पानांतून पाणी उडतं, त्या ओढीनं मुळात पाणी खेचलं जातं.

आणि रोहित, म्हणजे फ्लेमिंगो पक्षी. ठाणे खाडीत त्यांना बघायला गर्दी होते, पण ते खाऱ्या पाण्यात राहून तहानेनं मरत कसे नाहीत हे फार कमी लोक विचारतात. त्यांच्या डोळ्यांच्या वर क्षारग्रंथी असतात. समुद्रपक्ष्यांतल्या या ग्रंथींचं काम क्नुट श्मिट-निल्सन यांनी 1950 च्या दशकात उलगडलं. ग्रंथीच्या पेशी त्याच सोडियम-पोटॅशियम पंपाच्या जोरावर रक्तातलं मीठ गोळा करतात आणि चोचीवरच्या नाकपुड्यांतून दाट खारट थेंबांनी बाहेर टाकतात. दुर्बीण चांगली असेल तर चोचीवरून ओघळणारा थेंब आणि मान झटकणं टिपता येतं.

ही खाडी 2022 पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, आणि पांढरी चिपी 2020 पासून महाराष्ट्राचं राज्य कांदळवृक्ष. कांदळवनात भराव पडलेला दिसला की माझा जीव तुटतो. मुलांना एकदा तरी तिथे न्या सर, पुस्तकातला धडा तिथे पानावर दिसतो.

---

सानिका_वाशी

सगळ्यांना खूप धन्यवाद. अजून एक, प्रॅक्टिकलमधलं. आम्ही ऱ्हिओच्या पानाची खालची जांभळी साल काढून साखरेच्या दाट द्रावणात ठेवली. जांभळा रंग पेशीच्या मधोमध गोळा झाला आणि कडेला मोकळी जागा दिसली. परत पाण्यात टाकल्यावर बऱ्याच पेशी पूर्ववत झाल्या, पण काही झाल्याच नाहीत, त्यांचा रंग पसरून गेला. असं का?

---

खाडीकाठ

सानिका, त्या पेशींचं पटल फाटलं. आकसताना पटल बाहेरच्या पेशीभित्तिकेपासून सुटतं, काही ठिकाणी धाग्यांनी चिकटून राहतं. एकदम साध्या पाण्यात टाकलं की पाणी जोरात आत येतं आणि ताणलेलं पटल फाटतं. जांभळा रंग रिक्तिकेत (पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत) कोंडलेला असतो. पटलं शाबूत असेपर्यंत तो बाहेर येऊ शकत नाही, आणि फाटल्याबरोबर पसरतो. म्हणजे रंग आत आहे तोवर पेशी जिवंत, ही सोपी खूण. पुढच्या वेळी साखरेचं द्रावण टप्प्याटप्प्यानं पातळ करत पाण्यावर आण, वाचलेल्या पेशी वाढतील.

सरांना विचारून आणखी एक करून बघ. मेडिकलमधून ग्लिसरीन आण. एका काचपट्टीवर साखरेचं द्रावण घे, 100 मिलीत 17 ग्रॅम. दुसरीवर ग्लिसरीनचं, 100 मिलीत सुमारे 4 मिली. दोन्हींत रेणूंची संख्या जवळजवळ सारखीच असेल, त्यामुळे सुरुवातीला दोन्हीकडे पेशी सारख्याच आकसतील. मग आच्छादक काचेच्या कडा व्हॅसलिननं बंद कर, द्रावण सुकता कामा नये, आणि घाई न करता थोड्या थोड्या वेळानं बघत राहा. साखरेतल्या पेशी आकसलेल्याच राहतील. ग्लिसरीनमधल्या पेशी, पाणी न बदलता, आपोआप पुन्हा भरू लागतील, कारण ग्लिसरीन पटलातून सावकाश आत शिरतं आणि त्याच्यामागून पाणी. ओव्हर्टन यांनी पदार्थांचा वेग मोजला तो याच रीतीनं. वेळ आणि रेखाचित्र वहीत लिहून ठेव, आणि जमलं तर फोटो इथे टाक.